हिशेबाची वही : टाक्याखालचा गंज



या सदरातून मी एरवी पतपेढीचे व्याज, पोस्टातील बचत, मंडळाची वर्गणी असल्या विषयांवर लिहितो. कारकुनाने आपल्याला कळते तेवढेच लिहावे, या मताचा मी आहे. आजचा विषय मात्र लोखंडाचा आहे. वेल्डिंग केलेले लोखंड नेमके जोडावरच का गंजते आणि ते कसे टाळावे, हे सांगण्याचा अधिकार बी.कॉम. झालेल्या माणसाला नाही, हे मला मान्य आहे. पण गेल्या वर्षावासात आमच्या विहाराच्या जिन्याचा कठडा निघाला आणि त्या गंजाचा माग काढता काढता मी माझ्याच हिशेबाच्या फाइलीपाशी येऊन पोहोचलो. तेव्हा हे लिहिणे मला भागच आहे.

आमची वसाहत खाडीच्या कडेला आहे. विहार एकमजली, खाली बालवाडी व अभ्यासिका, वर वंदनेचा हॉल. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज रात्री वर ग्रंथवाचन असते. त्या दिवशी वाचन आटोपून मंडळी खाली उतरत होती. पाऊस नुकताच थांबला होता. आमच्या वसाहतीतील सर्वांत वडील आजी, ज्यांनी नामांतराच्या मोर्चात पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या आहेत, त्या तिसऱ्या पायरीवर थबकल्या आणि कठड्याला हात टेकला. कठडा आवाजसुद्धा न करता बाहेरच्या बाजूला कलला. दोन उभे बार बुडापासून सुटले होते. मागून येणाऱ्या सुनेने आजींचा दंड धरला म्हणून निभावले. कोपर खरचटले, चष्मा फुटला. खाली दहा फुटांवर सिमेंटचा ओटा आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पुढच्या रविवारी कमिटीची बैठक बसली. अशा वेळी काय होते ते आपण सर्व जाणतोच. प्रथम पाच मिनिटे आजींची विचारपूस झाली आणि नंतर दीड तास दोषी कोण याचा शोध. दोषी सापडायला वेळ लागला नाही. कठडा करणारा मुलगा आपल्याच वसाहतीतला. त्याचे वडील पालिकेच्या सफाई खात्यात होते. लाड-पागे समितीच्या नियमाने बापाच्या जागी त्याला नोकरी मिळू शकत होती. पण "झाडू माझ्या बापापर्यंत पुरे" असे म्हणून त्याने आय.टी.आय.मध्ये वेल्डरचा ट्रेड केला आणि पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचे काम सुरू केले. सहा वर्षांपूर्वी आपल्या मुलाला उत्तेजन म्हणून विहाराचे काम त्याला दिले होते. आता बैठकीत एकजण म्हणाले, "आपलं पोरगं म्हणून काम दिलं, अन् त्यानंच विहाराला चुना लावला." दुसरे म्हणाले, "बाहेरचा माणूस असता तर अशी हिंमत केली नसती." हे वाक्य मला फार लागले. आपल्या माणसाचे काम कच्चेच असणार, हे जे बाहेरचे लोक आपल्याविषयी बोलतात, तेच आपण विहारात बसून बोलत होतो. मुलगा मागे दाराशी उभा होता. तो एवढेच म्हणाला, "माझं एस्टिमेट काढून बघा," आणि निघून गेला.

मी खजिनदार. फाइल माझ्याच कपाटात. रात्री काढली. त्याच्या एस्टिमेटचे दोन कागद होते. पहिल्यात लिहिले होते : सर्व जोडांना पूर्ण वेल्डिंग, खपली काढून ग्राइंडिंग, प्रत्येक उभ्या बाराखाली जाड प्लेट, रेड ऑक्साइडचे दोन हात, त्यावर ऑइलपेंटचे दोन हात. दुसऱ्यात नुसते टाके मारून कठडा उभा करणे, रंग कमिटीने करावा. दोन्हींत साडेनऊ हजारांचा फरक. पहिल्या कागदावर तांबड्या शाईत तिरपी रेघ मारलेली होती आणि खाली शेरा होता : "टाके पुरेत. रंग श्रमदानातून करू." सही माझी!

त्या रात्री मला झोप लागली नाही, असे लिहिले तर ते नाटकी वाटेल. झोप लागली. पण पहाटे उठून मी त्याच्या शेडवर गेलो. तो कामगाराची वाट पाहत बसला होता. म्हणाला, "काका, भांडायला आला असाल तर चहा घेऊन भांडू." मी म्हटले, "भांडायला नाही, समजून घ्यायला आलोय." मग आम्ही दोघे विहारात गेलो. कामावर मला त्या दिवशी उशीर झाला, तो सार्थकी लागला.

त्याने जे दाखविले ते असे. लोखंड खाणीत सापडते ते मुळात प्राणवायूशी बांधलेले, म्हणजे एका अर्थाने गंजलेलेच. भट्टीत कोळसा जाळून त्यातून प्राणवायू काढून घेतात तेव्हा आपल्याला चकचकीत लोखंड मिळते. पाणी आणि हवा मिळाली की ते आपल्या मूळ रूपाकडे परत जाऊ लागते. ओल्या लोखंडावर बारीक बारीक विजेच्या बॅटऱ्या तयार होतात. एक जागा विरघळते, शेजारची जागा तिच्या जिवावर शाबूत राहते. पाण्यात मीठ असले की वीज सुखाने वाहते, म्हणून खाडीकाठी सर्व काही लवकर सडते. इथवर शाळेत शिकलेलेच आहे. प्रश्न असा की सबंध बार धड असताना जोडच का खाल्ला गेला?

त्याने खिशातून पेचकस काढला आणि एका टाक्याजवळ रंगात खुपसला. निळ्या रंगाची पापडी निघाली, त्याखाली काचेसारखा काळसर तुकडा, आणि त्याखाली लाल माती. "ही काळी खपली म्हणजे स्लॅग," तो म्हणाला. वेल्डिंगच्या रॉडवर जो लेप असतो तो वितळून जोडावर पांघरूण घालतो. गरम धातूला हवा लागू नये म्हणून ते हवेच असते. पण थंड झाल्यावर चिपिंग हातोडीने ते पांघरूण फोडून, तारेच्या ब्रशने घासून काढावे लागते. काढले नाही तर रंग लोखंडावर बसत नाही, खपलीवर बसतो. पहिल्या उन्हाळ्यात खपली तडकते आणि रंगाला घेऊन सुटते. जोडाच्या आजूबाजूला उडालेल्या ठिणग्यांचे जे मणी चिकटलेले असतात त्यांचेही तेच. मण्याच्या टोकावर रंग थरत नाही आणि मण्याच्या बुडाशी पाणी दबा धरून बसते.

आता टाक्यांविषयी. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून चार ठिकाणी टाके मारले की कठडा उभा राहतो, हलत नाही, दिसायलाही बरा दिसतो. पण दोन टाक्यांच्या मध्ये कागद जाईल एवढी फट राहते. पाणी त्या फटीत आपोआप ओढले जाते आणि ऊन पडले तरी वाळत नाही. शिवाय फटीच्या आत प्राणवायू कमी, तोंडाशी भरपूर. मला वाटले होते, प्राणवायू कमी तर गंज कमी. तो म्हणाला, उलटे आहे काका. प्राणवायूचा हा कमी-जास्तपणाच बॅटरी चालवतो आणि प्राणवायू कमी असलेली आतली बाजू विरघळते. खारेपणाही आतच साचत जातो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी पट अधिक जागा लागते. तो फुगतो आणि आतून पट्ट्या एकमेकींपासून उचलून टाका उखडतो. बाहेरून रंग शाबूत, आत काही उरलेले नाही. आजींनी हात टेकला तेव्हा त्या कठड्याला खरे तर रंगानेच धरून ठेवले होते!

आणि रंग तरी कसला? तेही मला आठवले. जयंतीच्या कमानी रंगवून उरलेला निळा ऑइलपेंट आम्ही श्रमदानातून मारला होता. रेड ऑक्साइडचा एक हात मारला होता खरा, पण तो मारून आम्ही पैसे जमण्याची वाट पाहत चार महिने तसेच सोडले होते, त्यात एक पावसाळा गेला. नुसता प्रायमर पाणी थोपवू शकत नाही. तो वरच्या रंगाला धरून ठेवण्यासाठी असतो, त्यावर दिवसांत रंग चढला पाहिजे, महिन्यांत नव्हे. खपली काढण्याचे तर आमच्या कोणाच्या डोक्यातही आले नाही. शंभर माणसे श्रमदानाला होती. चिपिंग हातोडी एक नव्हती.

बुडाशी काय झाले ते याहून वाईट. उभे बार थेट सिमेंटमध्ये गाडलेले होते. सिमेंटच्या पोटातले लोखंड सहसा गंजत नाही, कारण सिमेंट चुन्यासारखे खारट-कडवट असते आणि लोखंडावर रक्षणाचा पातळ पडदा धरून ठेवते. पण बार जिथे सिमेंटमधून बाहेर येतो त्या रेषेवर पाणी साचते, आणि तिथेच तो दोरीने कातरल्यासारखा कापला जातो. आता भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. आपण दर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहाराची फरशी बाटलीतल्या ॲसिडने धुतो. ते मिठाचे तेजाब, हायड्रोक्लोरिक ॲसिड. फरशी चकाकते, पण ते पाणी वाहून जाते ते कठड्याच्या बुडातून. सहा वर्षे आपण महिन्यातून एकदा त्या बुडाला श्रद्धेने तेजाब पाजत आलो आहोत. घरच्या न्हाणीतही तसेच. त्या ॲसिडच्या वाफेनेसुद्धा शेजारच्या खिडकीची जाळी आणि स्टीलचे नळ डागाळतात. फरशी साबणाच्या पाण्याने आणि खराट्याने धुतली तरी धम्माचे काही बिघडत नाही.

हे सगळे ऐकून मी विचारले, "अरे, मग पहिला कागद नाकारला तेव्हा तू हे बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "बोललो होतो. तुम्ही म्हणालात, जास्त शहाणपणा करू नको, वर्गणीचा पैसा आहे." मला हे आठवत नाही. पण मी तसे म्हणालो असणार, हे मला पटले. माझी बोलण्याची पद्धत मला माहीत आहे.

पुढच्या बैठकीत दुरुस्तीचा विषय निघाला तेव्हा सर्वांनी एकमुखाने ठरविले की आता लोखंड नकोच, स्टीलचा कठडा करू, म्हणजे जन्माची कटकट मिटली. आपल्या घराघरांत हाच समज आहे. "एस.एस. आहे, गंजणार नाही." मुलगा त्या बैठकीला आला होता, मीच त्याला हाताला धरून आणले होते. त्याने स्टीलचे जे सांगितले ते मी इथे थोडे विस्ताराने देतो, कारण हल्ली जिने, गॅलरी, टाक्या, सर्वत्र हेच लावतात आणि फसवणूकही इथेच जास्त होते.

स्टीलमध्ये क्रोमियम असते. ते साडेदहा टक्क्यांच्या वर असले की पृष्ठभागावर प्राणवायूचा एक अदृश्य पडदा धरते, खरवडला तरी पुन्हा धरते. म्हणून ते गंजत नाही. बाजारात ३०४ नावाचे स्टील मिळते, त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. त्याहून स्वस्त २०२, त्यात महाग निकेल कमी करून मँगनीज भरलेले असते. खारी हवा २०२ ला सोसत नाही. आमचे एक सभासद चुंबक घेऊन आले होते, की चिकटले नाही तर माल अस्सल. तो म्हणाला, "काका, २०२ लाही चुंबक धडपणे चिकटत नाही अन् ३०४ लाही नाही. चुंबकानं यांतला फरक कळत नाही." त्यासाठी थेंबाची रासायनिक चाचणी मिळते, नाहीतर बिलावर ग्रेड लिहून घ्यावा. बिलावर ग्रेड लिहायला दुकानदार का-कू करू लागला की काय ते समजावे, हे मात्र माझे ज्ञान. अगदी समुद्रावर असाल तर ३१६, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते. ते मिठाला अधिक टिकते, पण भाव ऐकून मी गप्प बसलो.

परंतु चांगल्या स्टीलचेही वेल्डिंग चुकले की जोडाशेजारी, केसाच्या रेषेसारखा गंज येतोच. त्याचे कारण मोठे मजेशीर आहे. जोड तापतो तेव्हा त्याच्या शेजारचा पट्टा साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळतो. त्या उष्णतेत स्टीलमधील कार्बन क्रोमियमला गाठतो आणि दोघे मिळून धातूच्या कणांच्या सीमेवर जाऊन बसतात. त्या सीमेलगतचे क्रोमियम संपले, म्हणजे तिथला पडदा गेला. माणूस तिथेच आहे, पण पहारा सोडून गप्पा मारतो आहे, तसे. उपाय म्हणून ज्या ग्रेडच्या पुढे 'एल' लिहिलेले असते ते घेतात, ३०४ एल किंवा ३१६ एल. त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांहून अधिक नसतो, त्यामुळे क्रोमियमला गाठायला कोणी उरत नाही. रॉडही त्याच जातीचा हवा, आणि जोड फार वेळ तापवत बसू नये. पातळ पाइपाला हा त्रास कमी, जाड प्लेटला अधिक.

वेल्डिंगनंतर जोडाशेजारी जो निळा-सोनेरी रंग चढतो तो आपल्याला शोभिवंत वाटतो. वास्तविक ती भाजलेली कातडी आहे. तिच्याखाली क्रोमियम उणे झालेले असते. ती काढलीच पाहिजे. त्यासाठी लावायचा लेप मिळतो, पण त्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. हे दुसरे ॲसिड कातडीतून आत हाडापर्यंत जाते आणि सुरुवातीला दुखतही नाही. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा नसेल तर त्याला हात लावू नये, घरी तर मुळीच नाही. ग्राइंडरच्या चकतीने आणि बारीक पॉलिशने घासून काढणे आपल्यासारख्यांच्या कामाला पुरते. मात्र ज्या चकतीने, ज्या ब्रशने लोखंड घासले तीच स्टीलला लावली की लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि महिन्याभरात तांबडे ठिपके उमटतात. मग आपण स्टीलला नावे ठेवतो.

एवढे ऐकल्यावर कमिटीने स्टीलचा नाद सोडला. लोखंडच करायचे, पण नीट, असे ठरले. मला विचाराल तर तोच निर्णय शहाणपणाचा होता. नीट रंगवलेले लोखंड, दर दोन-तीन वर्षांनी पाहिलेले, हे फसव्या स्टीलपेक्षा केव्हाही बरे.

सार्वजनिक कामात हा धडा किती महाग पडतो याचे उदाहरण आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. सुरुवातीला सगळे वाऱ्यावर ढकलण्यात आले. नंतर चौकशी समितीने कारणे दिली ती गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग अशी. नटबोल्ट गंजले आहेत असे पत्र बांधकाम खात्याने त्या आधी काही दिवस लिहिलेही होते. पत्र पोहोचले, पुतळा पडला. मला यात आमचाच विहार दिसतो. गंज कोणाला तरी दिसलेला असतो, फक्त ज्याला दिसतो त्याच्या हातात पेन नसते.

न्यूयॉर्क बंदरातला स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही यातून सुटलेला नाही. १८८६ साली तो उभा राहिला तेव्हा बाहेर तांब्याचा पत्रा आणि आत लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा होता. तांबे आणि लोखंड ओल्यात एकमेकांना टेकले की लोखंड झिजते, हे त्या इंजिनिअरांना ठाऊक होते, म्हणून मध्ये ॲस्बेस्टॉसची घडी घातली होती. ती घडी कुजली. १९८४ ते १९८६ च्या दुरुस्तीत त्या पट्ट्या काढून ३१६ एल स्टीलच्या बसविल्या आणि मध्ये टेफ्लॉन घातले. आपल्या दादरला समुद्राच्या काठी इंदू मिलच्या जागेवर १०० फुटी चौथऱ्यावर बाबासाहेबांच्या ३५० फुटी पुतळ्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा उंचीवर आपण सर्वांनी पुष्कळ भाषणे ऐकली. आतल्या सांगाड्याच्या जोडांविषयी, दरवर्षी तो तपासणार कोण याविषयी, मी तरी एकही भाषण ऐकले नाही. आपल्या संघटनांनी हे विचारत राहिले पाहिजे.

काहीजण लगेच दिल्लीचा लोहस्तंभ पुढे करतात, सोळाशे वर्षे उभा आहे, गंजला नाही. खरे आहे. तोही जोडकामच आहे, तापलेल्या लोखंडाचे गोळे हातोड्याने एकात एक ठोकून केलेला. त्यातल्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्याने पृष्ठभागावर रक्षक थर धरला, आणि दिल्लीची हवा कोरडी. आमच्या खाडीवर आणून पुरला असता तर काय झाले असते ते सांगता येत नाही. त्या स्तंभावर चंद्र नावाच्या राजाची कीर्ती कोरली आहे. ठोकणाऱ्यांपैकी एकाचेही नाव तिथे नाही.

आता काम करणाऱ्यांविषयी थोडे, कारण आपल्या वस्त्यांत ही मुले पुष्कळ आहेत. गच्चीवरच्या टाकीचा स्टँड जी.आय. पाइपाचा होता, तोही याच वेळी दुरुस्त केला. जी.आय.वर जस्ताचा थर असतो. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवते, ओरखडा पडला तरी वाचवते. पण वेल्डिंगच्या आचेत ते जळून पांढरा धूर होतो. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, हिवतापासारखाच. आमच्या वेल्डरच्या मदतनिसाला तो आला. त्याची आई रक्त तपासायला निघाली होती. एखाद-दोन दिवसांत उतरतो, पण धाप लागली तर डॉक्टर गाठावा. दूध आणि गूळ घेतल्याने धूर बाधत नाही ही समजूत आहे. बाधतो. जोडाच्या जागेवरचे जस्त आधी घासून काढावे, वारा पाठीमागून येईल असे बसावे, तोंडाला साधा रुमाल नव्हे तर धुराचा मास्क लावावा, आणि काम झाल्यावर तिथे जस्ताचा रंग लावावा, नाहीतर पाइप तिथूनच खाल्ला जाईल. वेल्डिंगचा धूर हा कर्करोगाचे कारण आहे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली ठरविले आहे. वीस-बावीस वर्षांची आपली मुले काळ्या काचेशिवाय, उघड्या तोंडाने काम करतात आणि रात्री डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपतात. एस्टिमेटमध्ये मास्क आणि काच यांचे पैसे धरले तर खजिनदारांनी ते कापू नयेत. मी कापले असते, म्हणून सांगतो.

प्रत्यक्ष काम असे झाले. जुन्या कठड्यातले धड बार ठेवले. दोन भाग ठोकून काढले तेव्हा पसाभर गंज निघाला. नवीन जोडांना सलग वेल्डिंग केले. सगळे एका दमात केले तर पातळ पट्टी वाकडी होते म्हणून तो थोडे इथे, थोडे तिथे असे करीत गेला. रॉड दमट होऊ नयेत म्हणून डब्यात बंद ठेवले होते. ओला रॉड जोडात बुडबुडे सोडतो आणि त्या बारीक भोकांतून पाणी शिरते. चौकोनी पाइपांची तोंडे पत्र्याने पूर्ण बंद केली. अर्धवट बंद केली तर आत पाणी जाते आणि बाहेर येत नाही, त्यापेक्षा उघडी बरी. खपली काढली, मणी छिलले, पॉलिश पेपर मारला, थिनरच्या फडक्याने पुसले आणि त्याच दिवशी, दव पडायच्या आत, रेड ऑक्साइड लावला. आधी बारीक ब्रशने फक्त जोड आणि कडा, मग सगळीकडे. कडेवरून रंग ओघळून पातळ होतो, म्हणून हा जादा हात. बुडाला प्लेटा बसवून त्यांच्याभोवती सिमेंट किंचित उंच आणि उतरते केले, पाणी थांबू नये म्हणून. वरचा रंग निळाच, पण या वेळी नवीन डब्यातला.

घरच्या जाळीला, गॅलरीच्या ग्रिलला, लोखंडी पलंगाला हेच सर्व लागू आहे. पावसाळ्याआधी एका रविवारी जोडांवर बोट फिरवावे. रंग फुगलेला लागला तर टोकदार वस्तूने टोचून पाहावे. वरून रंग मारून फुगवटा झाकणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. ग्रिलला कपडे वाळत घालणाऱ्या भगिनींनी साबणाचे पाणी जिथे ठिबकते ती जागा आधी पाहावी. आणि कुंड्या थेट ग्रिलवर ठेवू नयेत. मुलांना त्याला लोंबकळू देऊ नये, हे मी काय सांगावे!

राहिली गोष्ट बैठकीच्या इतिवृत्ताची. कठडा निघाला त्याला जबाबदार कोण, हे त्यात लिहावे असे मी म्हटले. अध्यक्ष म्हणाले, "जाऊ द्या ना, आता काम झालं, उगाच कशाला." चिटणीसही म्हणाले की कागदावर आले की उद्या कोणीतरी ते काढून दाखवील. मी म्हटले, त्या मुलाला दीड तास सर्वांसमक्ष ऐकवले तेव्हा कागद नव्हता, पण वसाहतीत ते घरोघर पोहोचले. त्याची दोन कामे त्या आठवड्यात गेली, त्यातले एक परत आलेले नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी तीन विरुद्ध सहा मतांनी ठराव मंजूर झाला की पूर्ण वेल्डिंगचे एस्टिमेट खजिनदारांनी नाकारले होते, कारागिराचा दोष नाही. ठराव मांडणारा मीच, त्यामुळे मतदानात मी भाग घेतला नाही. अध्यक्ष अजून माझ्याशी मोजकेच बोलतात.

आजींना मी स्वतः जाऊन सांगितले. त्या म्हणाल्या, "तू हिशेबाचा माणूस. पैसं वाचवायचं तुझं कामच हाय. पर बाबा, चष्म्याचं पैसं कुणाच्या खात्यात टाकलंस?" ते मी माझ्या खात्यात टाकले.

एकूण खर्च, प्लेटा व मास्कसह, मूळच्या पहिल्या एस्टिमेटपेक्षा दुपटीच्या वर गेला. बिले आणि ते दोन जुने कागद, तांबड्या रेघेसकट, एकाच फाइलीला लावले आहेत. ज्या सभासदांना पाहायचे असतील त्यांनी रविवारी वंदनेनंतर यावे, कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.